गाणं फिराय गेलंय

माझ्या दवाखान्यात खुर्चीवर बसलं की माणूस तोंड उघडतो. हे गृहस्थ आधी पेटी उघडायचे.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या वर माझा दातांचा दवाखाना आहे. खाली दिवसभर पातेली आपटतात, वर मी ओरडते, आणि असं आमचं शेजारपण बरीच वर्षं सुखानं चाललंय. त्या दिवशी बाहेर बाकावर माणसं गाल धरून बसलेली, मला उशीर झालेला, डोकं आधीच तापलेलं. तेवढ्यात हे आत आले, बँडात वाजवणारे, सगळं गाव ज्यांना मास्तर म्हणतं ते. सत्तरी ओलांडलेली, केसांना मेंदी, शर्टाला कडक इस्त्री, बुटांना चकचकीत पॉलिश आणि हातात एक लांबोडकी काळी पेटी. खुर्चीत बसले आणि पेटी मांडीवर घेतली.

"कुठला दात दुखतोय?" मी विचारलं.

"दुखत न्हाय. आधी ऐकायचं, मग बघायचं."

"काय ऐकायचं?"

"दात की!"

मी काही बोलायच्या आत त्यांनी सॅक्सोफोन बाहेर काढला, पट्टा गळ्यात अडकवला आणि लावला तोंडाला. माझी मदतनीस रेखा बाहेरून धावत आली. बाकावरची माणसं दारात. खालचा भांडीवाला जिन्यानं अर्धा वर चढून आलेला, कारण त्याला वाटलं माझं मशीन फुटलं. मास्तरांनी एक छोटीशी चाल वाजवली, वर चढले, तिथं सूर जरासा फाटला, आणि थांबले.

"ऐकलासा? त्या वरच्या जागंला थरथरलं का न्हाय? तितंच दात हलतोय."

"मास्तर, हा दवाखाना आहे. लग्नाचा मांडव नव्हे!"

"म्हणून तर बारीक वाजवलं," ते म्हणाले, आणि मग कुठं त्यांनी तोंड उघडलं.

सॅक्सोफोन तोंडात धरायची एक रीत असते, ती मला त्यांच्यामुळं कळली. खालचा ओठ दातांवर दुमडायचा, त्यावर वेताची पातळ पट्टी टेकवायची, आणि वरचे पुढचे दोन दात थेट नळीच्या टोकावर रोवायचे. सगळं वजन त्या दोन दातांवर. मास्तरांच्या त्या दातांच्या कडेला इतक्या वर्षांच्या वाजवण्यानं खाच पडली होती, विहिरीच्या काठाला दोर घासून पडते तशी. आणि दोन्ही दात हलत होते. साखरेचा आजार, हिरड्या गेलेल्या, आतलं हाड झिजलेलं. माझा स्वभाव गोड बोलण्याचा नाही. मी सांगून टाकलं की हे दात जाणार. शेजारच्या दातांना तारेनं बांधून थोडे दिवस ढकलता येतील, पण जाणार.

"किती दिस?"

"मी दातांची डॉक्टर आहे, ज्योतिषी नाही."

"मग बांधा. घट्ट बांधा डॉक्टरीणबाई. ह्ये दोन गेलं की मी गेलो बगा."

हे त्यांनी भाव विचारावा तसं साधेपणानं सांगितलं. पण पेटी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली होती. इतकी वर्षं मी सुईला घाबरणारी माणसं बघितलीत, मशीनच्या आवाजाला घाबरणारे पैलवान बघितलेत. स्वतःच्याच दोन दातांना इतकं घाबरलेला माणूस मी तोवर बघितला नव्हता.

त्या दिवसापासून त्यांनी ते दात घरात बाळंतीण असावी तसे सांभाळले. भाकरी कुस्करून खायची, तीही मागच्या दाढांनी. मटण असलं तर रस्सा फक्त. कणीस बंद, पेरू बंद, सुपारी बंद. झोपायचं पाठीवर, तेही तोंडावर हात धरून, ही बातमी त्यांच्या बायकोनं, म्हणजे भाभीनं, मला कपाळावर हात मारून सांगितली. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी हसणं सोडलं. हसताना ओठ ताणला जातो आणि दाताला धक्का बसतो, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, असलं काही नसतं, खुशाल हसा. त्यांनी ऐकलं नाही. कुणी विनोद सांगायला लागलं की ते उठून निघून जायचे. त्यांचा जुना जोडीदार आण्णा, त्यांच्याच कोडोली गावचा, सकाळी म्हशी पिळायचा आणि संध्याकाळी बँडात ड्रम वाजवायचा. तो म्हणायचा, "ह्या म्हाताऱ्याला आता मयताच्या घरीच न्यावं लागतंय. तितंच सुखानं बसतोय."

मास्तरांनी वाजवलं नाही असं कोल्हापुरात काय उरलं असेल, देव जाणे. लग्नं, बारशी, उरूस, गणपती, शाळांची गॅदरिंगं, निवडणुकीच्या रिक्षेवरची गाणी. इथं सिनेमे निघत तेव्हा पडद्यामागं वाजवलं. भक्तिगीतांच्या कॅसेटी निघाल्या तेव्हा त्यात वाजवलं, लावण्यांच्या निघाल्या तेव्हा त्यात, कव्वाल्यांच्या निघाल्या तेव्हा त्यातही. पशुखाद्याच्या जाहिरातीत वाजवलं. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतात तिथं एका मालकाच्या हट्टाखातर म्हशीपुढं चालत वाजवलं, आणि म्हैस शेवटपर्यंत त्यांच्या मागं मागं गेली. "आयुष्यात येवढं ध्यान दिऊन मला कुणीबी ऐकलं न्हाय," असं ते म्हणायचे. यातल्या एकाही कॅसेटवर त्यांचं नाव नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटत नसे, कारण ही सगळी पोटाची कामं होती. मनात त्यांच्या एकच गोष्ट होती, ती म्हणजे जाझ. ते 'ज्याज' म्हणायचे.

ज्याज म्हणजे काय असं कुणी विचारलं तर ते सांगत नसत, करून दाखवत. गाणं पहिल्यांदा जसंच्या तसं वाजवायचं, लोकांना ओळखू येईल असं. दुसऱ्या वेळी मात्र ते सोडून द्यायचं. सूर भलतीकडं जायचे, वळणं घ्यायचे, गाण्याच्या आसपास हिंडायचे आणि शेवटी अलगद परत यायचे. मधेच कुणी ओरडायचंच, "मास्तर, गाणं कुठं गेलं?" मग ते नळी तोंडातून काढून शांतपणे सांगायचे, "फिराय गेलंय. यील की घराकडं."

हातकणंगल्याला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं, तिथं हा प्रकार मी डोळ्यांनी बघितला. वरात निघालेली. मास्तरांनी एक नाचाचं गाणं धरलं, पोरं नाचायला लागली, आणि दुसऱ्या फेरीला मास्तर गेले निघून. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. नवऱ्याचा मामा भडकला. तो म्हणजे आधीच भडकलेला होता, त्याला मानाचा फेटा उशिरा मिळालेला.

"ए म्हाताऱ्या! गाणं वाजीव नीट!"

"फिराय गेलंय, पावणं. यील की."

मामानं सरळ कॉलर धरली. आण्णा ड्रम टाकून मधे पडला, पोरं गोळा झाली, कुणीतरी काठी आणा म्हणालं. मी गर्दीतून घुसले. मास्तरांनी तेव्हा एक हात वर केला होता. दुसऱ्या कुठल्या वाजवणाऱ्यानं आधी वाद्य सांभाळलं असतं. मास्तरांनी वाद्य लोंबकळत सोडलं आणि पंजानं तोंड झाकलं. मी मामाचा हात हिसडून काढला आणि असलं काही बोलले की आमचे काका अजून मला लग्नाला बोलावताना विचार करतात. मामा मागं हटला. मास्तरांनी तोंडावरचा हात काढला, जिभेनं दोन्ही दात चाचपले, आणि गाणं जिथं सोडलं होतं तिथून पुढं वाजवत घरी आणलं.

माझ्या खुर्चीत त्यांचं तोंड बहुतेक वेळ उघडंच ठेवावं लागे, म्हणून बोलणं व्हायचं ते काम संपल्यावर, चूळ भरताना. त्या चुळांमधून मला पात्रांव कळला. मास्तर ऐन विशीत मुंबईला पळून गेले होते. तिथं एका हॉटेलात बँड वाजायचा आणि त्याचा म्होरक्या एक म्हातारा गोवेकर होता. सगळे त्याला पात्रांव म्हणत, म्हणजे मालक. भरघोस पांढरी मिशी, पांढरा कोट, खिशात रुमाल. त्यानं मास्तरांना सगळं शिकवलं. वरचे दात कसे रोवायचे, श्वास कुठं घ्यायचा, गाणं सोडायचं कधी आणि धरायचं कधी. पण त्याचा स्वतःचा सूर काही केल्या कुणाला साधत नसे.

"कसा होता सूर?" मी एकदा विचारलं.

मास्तरांनी चूळ थुंकली, ओठ पुसले. मग म्हणाले, "माजघरात आई हळू बोलल्यागत. वरडायचा न्हाय. पर शेवटच्या टेबलावरचा माणूस खायचा थांबायचा."

त्या सुरापायी त्यांनी आयुष्यभर काय काय केलं! नळीची टोकं बदलली. वेताच्या पट्ट्या कानशीनं घासून घासून पातळ केल्या, तेलात भिजवल्या, उन्हात वाळवल्या. पात्रांव घ्यायचा तसली दारू महिनाभर पिऊन बघितली, मग भाभीनं ती बंद पाडली. पात्रांवची स्वतःची अशी एक चाल होती, बिननावाची. ती त्यानं कुठं लिहिली नव्हती, तिचं रेकॉर्डिंगही नव्हतं, आणि त्याच्या पाठोपाठ बँडातली माणसंही एकेक करून गेली. आता ती फक्त मास्तरांपाशी होती. पण त्यांनी ती लोकांपुढं कधी वाजवली नाही. त्या सुराशिवाय ती चाल म्हणजे मीठ नसलेला रस्सा, असं म्हणायचे.

आणि पात्रांवचा त्यांना रागही होता. सगळ्यांत जास्त बोलायचे ते त्याबद्दलच. एकदा सुट्टीवरून परत जाताना मास्तरांनी गुरूसाठी घरचा ऊस नेला. कोडोलीच्या रानातला, गोड, मऊ, निवडून घेतलेला. एवढी मोळी खांद्यावर टाकून स्टेशनापासून चालत गेले. पात्रांवनं ऊस बघितला, चेहरा दगडासारखा केला आणि मोळी उचलून खिडकीतून खाली फेकली. नंतर कित्येक दिवस बोलला नाही.

"गावठी पोरगं, गावठी भेट. हॉटेलातल्या सायबाला लाज वाटली आसंल," मास्तर म्हणायचे. "त्यो तसाच हुता. आमच्या पंगतीला कधी जेवला न्हाय. आपल्या खोलीत दार लावून पाव चहात बुडवून खायचा. हसला तरी तोंडाला रुमाल. आमच्यासंगं हसायचीबी त्येला लाज."

हे सांगताना सत्तरीतल्या त्या माणसाचा आवाज विशीतल्या पोरासारखा दुखरा व्हायचा. मी म्हणायचे, "सोडा की मास्तर आता." ते म्हणायचे, "सोडलं की." आणि पुढच्या खेपेला परत तोच ऊस.

तारेनं बांधलेले दात वर्षभर टिकले. मग एकदा तपासताना मी स्पष्ट सांगितलं की आता फार दिवस नाहीत. मास्तर उठून गेले, आणि आठवड्यानं आण्णाच नाचत आला. म्हातारा तयार झाला होता! बँडातली आणि ऑर्केस्ट्रातली मंडळी कधीची त्यांच्या मागं लागलेली, की एक कार्यक्रम करू, फक्त तुमचा, तुमच्या नावानं. ते नाही म्हणत आलेले. आता हो म्हणाले. शेवटी पात्रांवची चाल वाजवणार होते.

"सूर आला तर आला," मला म्हणाले. "न्हाय आला तर तसंच वाजीवतो. पर दात हाय तवर वाजीवतो. माझ्यासंगं ती चाल मातीत जायला नको."

कार्यक्रमाला दीड महिना असताना दातानं घात केला. सकाळी दवाखाना उघडते तर दारात मास्तर आणि भाभी. मास्तरांचा वरचा ओठ सुजून नाकाला टेकलेला, डावा डोळा अर्धा मिटलेला, अंगात ताप. साखर बघितली तर ती भलतीच चढलेली. मी म्हटलं, औषध सुरू करते आणि आजच्या आज दोन्ही दात काढते.

"न्हाय."

"मास्तर, आत पू झालाय. सूज डोळ्याकडं चढतीय. साखरेच्या माणसाला हे चांगलं नाही. जीव जाईल."

"गोळ्या द्या. दीड म्हयना काढतो."

"दीड महिना? दोन दिवस काढलेत तरी नशीब समजा! खुळ्यासारखं काय करताय?"

"तुमाला काय कळायचं न्हाय, डॉक्टरीणबाई!" ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले, आणि ओरडल्यानं कळ येऊन तोंड धरून बसले. मीही ओरडले. रेखानं बाहेरचं दार लावून घेतलं. कार्यक्रम, चाल, सूर, सगळं ते त्या सुजलेल्या तोंडानं बोलत होते आणि मला एकीकडं डोळ्याखालची लाली वर सरकताना दिसत होती. हातपाय बांधून तर दात काढता येत नाहीत.

भाभी इतका वेळ कोपऱ्यात बसून होती. ती उठली, मास्तरांच्या पुढ्यात आली आणि हळू म्हणाली, "दाँत गये तो बाजा जाता जी. तुम गये तो मैं किसके साथ रहूँ?"

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. मग पेटी उचलून तिच्या हातात दिली. त्या दिवशी पेटी न उघडता त्यांनी तोंड उघडलं.

दोन्ही दात काढले. सूज उतरली, जीव वाचला. जखम भरल्यावर मी दोन दातांची काढता-घालता येणारी प्लेट करून दिली. मधल्या दिवसांत मास्तर तोंडाला रुमाल लावून हिंडत होते, ते मला बघवत नव्हतं. प्लेट बसवली त्या दिवशी त्यांनी पेटी उघडली. वाजवलं. सूर स्वच्छ आला, वरच्या जागेलाही थरथर नाही. मी खूश होऊन बघत होते.

"दात तुमचं," ते म्हणाले. "सूरबी तुमचाच येतोय. माझा न्हाय."

त्यांना त्या दातांना खाच पाहिजे होती, जुन्या दातांना होती तशी. मी समजावलं की ही प्लेट पातळ आहे, खाच पाडली तर चिरेल. कार्यक्रम होऊ दे, मग जाड करून देते आणि खाचही माझ्या मशीनवर पाडून देते. घरी हात लावायचा नाही. त्यांनी ताबडतोब मान डोलावली. मास्तर इतक्या पटकन कधी कबूल होत नसत, म्हणून मी परत बजावलं. परत मान डोलावली.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. हॉलबाहेर फ्लेक्सवर नगरसेवकांचे चेहरे परातीएवढे आणि मास्तर कोपऱ्यात वाटीएवढे. पण नाव होतं. मी आणि रेखा तिसऱ्या रांगेत बसलो. आत बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले, कोडोलीहून टेम्पो करून आलेली माणसं. हॉल भरला होता. तेवढ्यात फोन वाजला. भाभी. "डॉक्टर, पीछे आव. जल्दी."

मागच्या खोलीत मास्तर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, तोंडाला रुमाल. टेबलावर वेताच्या पट्ट्या घासायची ती बारीक कानस आणि तिच्याशेजारी माझी प्लेट. दोन तुकडे.

मी जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

"वरडू नगासा ताई," आण्णा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडलेला. "दुपारी घासली म्हाताऱ्यानं. जरा जरा खाच पाडली. आत्ता तोंडात धरून बघितली, तर कट्ट!"

दवाखान्यात जाऊन सांधायची म्हटलं तर तासाच्या वर वेळ लागला असता, आणि स्टेजवर नगरसेवकाचं भाषण संपत आलेलं. "त्याला म्हणावं, अजून जरा बोला," मी म्हटलं. आण्णा म्हणाला, "एरवी बोलायचा थांबत न्हाय. आज नेमका गडबडीत हाय, दुसरीकडं उद्घाटन हाय म्हणं."

"सांगा त्यास्नी," मास्तर रुमालातून बोलले, "म्हातारा आजारी पडला."

"म्हाताऱ्या, लोकं आल्यात रं!"

"मग जाऊ देत घरला. मी वाजीवणार न्हाय. आजबी न्हाय, कवाच न्हाय. संपलं."

भाभी भिंतीकडं तोंड करून उभी. मला राग आलेला, रडूही येत होतं. ती चाल आता या खोलीत संपत होती. दीड महिन्यापूर्वी मरता मरता वाचलेला हा माणूस पुढच्या वर्षी असेल की नसेल, कुणी सांगावं? मी त्यांच्याकडं बघत राहिले. तोंडाला रुमाल. कडक इस्त्रीचा कोट. आणि एकदम माझ्या अंगावर काटा आला.

"मास्तर, पात्रांव हसताना रुमाल का लावायचा?"

"आता त्येचं काय?"

"सांगा."

"सांगितलंय की. आमची लाज."

"दार लावून जेवायचा. पाव चहात बुडवून. दुसरं काही चावून खाताना बघितलंत त्याला? कधी?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"ऊस, मास्तर," मी म्हटलं. "त्याला ऊस खाता येत नव्हता. तुमच्या गुरूला वरचे दात नव्हते."

बाहेर टाळ्या वाजल्या, भाषण संपलं. मास्तर माझ्याकडं बघत होते. रुमाल हळूहळू खाली आला.

"पर त्यानंच शिकवलंतं, वरचं दात रोव म्हणून..."

"तुम्हाला दात होते म्हणून तुम्हाला तसं शिकवलं. त्याला नव्हते, म्हणून तो दोन्ही ओठ आत दुमडून वाजवत असणार. त्याचा तो सूर त्यातूनच येत असणार. एवढी मिशी! तुम्हाला दिसणार कसं? शरमेपायी कुणाला सांगितलं नसेल. आणि तुम्ही नेमकी उसाची मोळी नेऊन पुढ्यात टाकलीत."

"गावठी म्हणून न्हाय टाकला मग," मास्तर म्हणाले. फार हळू म्हणाले. डोळे भरून आले होते. "आरं द्येवा! मी उभा जलम त्येला शिव्या घातल्या."

स्टेजवरून त्यांचं नाव पुकारलं. आण्णानं दोन्ही हात डोक्याला लावले. मी सॅक्सोफोन उचलून मास्तरांच्या हातात दिला.

"आधी ऐकू या," मी म्हटलं. "मग बघू."

ते उभे राहिले. इतकी वर्षं दातांवर रोवलेलं वाद्य आता नुसत्या ओठांवर पेलायचं होतं, तेही एकदाही करून न बघता, सगळ्या गावापुढं. मी माझ्या जागेवर जाऊन बसले. रेखानं विचारलं, काय झालं? मी तिला स्टेजकडं बघ म्हटलं.

मास्तर स्टेजवर आले. टाळ्या झाल्या. आण्णा ड्रमवर बसला, हळूच ठेका धरला. मास्तरांनी दोन्ही ओठ आत घेतले, नळी धरली आणि फुंकलं. नुसती हवा. परत फुंकलं. कर्कश चिरका आवाज आला, मागची पोरं हसली. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, चला घरला!" पुढच्या रांगेत कुजबूज सुरू झाली. आण्णा ठेका सोडत नव्हता, तोच तो, गोल गोल, वाट बघत. मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला आणि डोळे मिटले. मी पदर मुठीत आवळून बसले होते. एकदा, फक्त एकदाच येऊ दे, असं मी कुणाला म्हणत होते कोण जाणे.

मग तो सूर आला.

आधी कळलंच नाही की तो स्टेजवरून येतोय. मऊ, जरासा धुरकट, जवळून बोलल्यासारखा. हॉल एकदम गप्प झाला. मास्तरांचे डोळे खाडकन उघडले. त्यांनी मधेच वाजवणं थांबवलं, नळी तोंडातून काढली आणि तिच्याकडं बघितलं. कुणी हाक मारली की आपण वळून बघतो तसं. आण्णाचा ठेका चालूच. मास्तरांनी नळी परत ओठांत घेतली आणि पात्रांवची चाल सुरू केली.

पहिल्यांदा त्यांनी ती सरळ वाजवली. साधी, छोटीशी चाल, आठ-दहा वर्षांच्या पोराला गुणगुणता यावी अशी. दुसऱ्या फेरीला निघाले. त्यात काय नव्हतं! वरात होती, उरूस होता, म्हशीपुढं चाललेला माणूस होता, खिडकीतून पडणारा ऊस होता. हे सगळं मलाच ऐकू येत असेल, मला त्यांच्या गोष्टी माहीत होत्या. पण मागच्या रांगेत मघाशी हसणारी पोरं आता उभी राहून ऐकत होती. आणि मग कुणीतरी, सवयीनं, ओरडलंच:

"मास्तर, गाणं कुठं गेलं?"

मास्तरांच्या तोंडात नळी. आण्णानं ड्रमवरून मान वर केली, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा तो ओरडला, "घरला आलं रं! घरला आलं!"

चाल संपली. मास्तरांनी वाद्य खाली घेतलं. ओठ सुजले होते, कडेला रक्त होतं. सगळा हॉल उभा राहिला. त्यांचा हात वरच्या खिशातल्या रुमालाकडं गेला आणि मला वाटलं, आता तोंड झाकणार. त्यांनी रुमालानं घाम पुसला, घडी घालून तो परत खिशात ठेवला, आणि हसले. कितीतरी दिवसांनी, तोंड भरून, मोठ्यानं, मान मागं टाकून हसले. पुढच्या रांगेपासून कोडोलीच्या टेम्पोवाल्यांपर्यंत सगळ्यांना त्या दोन दातांची मोकळी जागा दिसत होती. दातांची डॉक्टर म्हणून मला खरं तर लाज वाटायला हवी होती. मी खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होते.